पार्लरवाल्या ताईंच्या मालिका

“लावा फोन,” सेक्रेटरी म्हणाले. “तुमचा उचलेल ती. माझा उचलत नाही.”

पार्लरच्या दारावर ‘फक्त स्त्रियांसाठी’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते दार ढकलून सेक्रेटरी सरळ आत आले होते. ताईंच्या हातात डायचा ब्रश होता आणि खुर्चीत बँकेतल्या वहिनी होत्या, डोकं अर्धं काळं, अर्धं पांढरं. पुरुष दिसताच वहिनींनी टॉवेल तोंडावर ओढला, पण डोळे आणि कान बाहेरच ठेवले.

“कुणाला फोन?” ताईंनी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं.

“वेड पांघरू नका. माझ्या बायकोला. काल सकाळपासून घरात नाही ती.”

सेक्रेटरी म्हणजे या इमारतीचे सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या ताईंच्या गाळ्याचा करार दर वर्षी त्यांच्या सहीनेच पुढे सरकायचा, म्हणून ताई एरवी त्यांच्याशी गोड बोलायच्या. आज तो गोडवा जिभेवर येईना. ताई गिऱ्हाइकांना केसांवरून ओळखत, आणि सेक्रेटरींची बायको ही त्यांची वेणीवाली होती. कमरेखाली जाणारी वेणी घेऊन ती महिन्यातून दोनदा टोकं कापायला यायची, टोकं वाढलेली असोत नाहीतर नसोत.

“ती माझ्याकडे कशाला येईल?”

“दुसरीकडे जाणार कुठे? बाजारहाट मी करतो. माहेर उरलेलं नाही. एवढी एकच जागा मोकळी ठेवली होती मी तिला, आणि तीच नडली. तुम्ही भरवलंत तिला.”

“मी केस कापते. भरवाभरवी माझ्या कामात बसत नाही.”

“तुम्ही मालिका सांगता!” सेक्रेटरी असे ओरडले, जणू ताई चोरीचा माल विकत होत्या.

ताई मालिका सांगायच्या हे मात्र खरं होतं. इमारतीतली एकही बाई त्यांच्याकडून नुसते केस कापून परत जात नसे. “रडणाऱ्या बायका मला दुकानात फुकट बघायला मिळतात, टीव्हीवर आणखी कशाला?” असं म्हणून त्या फक्त ताठ कण्याच्या बायकांच्या मालिका सुचवत. नवऱ्यामागे ट्रकचा धंदा चालवणारी ट्रकवाली. चाळिशीत काळा कोट चढवणारी वकीलबाई. खाणीत उतरणारी इंजिनियर. सासूचं निमूट ऐकून घेणारीला ट्रकवाली, सारखे डोळे पुसणारीला वकीलबाई, असं त्यांचं माणूस बघून चाललेलं असे. स्वतः ताईंनी संसारभर नवऱ्याची बोलणी मुकाट्याने ऐकली होती. तो गेल्यावर त्यांनी घरातली कुठलीही वस्तू हातात घ्यायच्या आधी रिमोट घेतला होता.

“परवा माझ्या तोंडावर काय म्हणाली, ऐका,” सेक्रेटरींनी बोट रोखलं. “‘वाटेतून बाजूला व्हा. मी परवानगी मागत नाहीये, निरोप देतेय.’ ही भाषा तिची? मान वर करून बोलायची नाही कधी माझ्याशी!”

ताईंनी शब्द लगेच ओळखले. ते वाक्य वकीलबाईंचं होतं. मालिकेच्या ऐन मध्यावर, घरातून निघताना ती ते नवऱ्याला ऐकवते. शब्दही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

“साहेब, मालिका बघून कुणी घर सोडत नाही.”

“बघून? बघणार कशावर? टीव्ही मी केव्हाच काढून टाकलाय घरातून. तिच्याकडे फोन आहे तो बटणांचा. असली थेरं आमच्याकडे चालत नाहीत. तुम्हीच इथे बसवून सांगत असणार सगळं!”

 ताई फक्त मालिका सुचवत, गोष्ट कधी फोडत नसत. कुणी विचारलं तर “स्वतः बघा, माझ्या तोंडून मजा नाही,” म्हणत. तरीही वेणीवाली दर वेळी येऊन भागाबद्दल भरभरून बोलायची. अमकी असं म्हणाली, मग तिच्या सासूला कसा हुंदका आला, मग तिने दार कसं आपटलं. आणि मध्येच हळूच विचारायची, “पण ताई, ती दिसते कशी हो?” ताईंना वाटायचं, हिला चष्मा लागलाय आणि नवरा करून देत नाही. मग त्या सांगायच्या, उंच आहे, खांदे रुंद, केस अगदी आखूड. “आखूड?” म्हणून वेणीवाली आरशात बघायची आणि वेणी मुठीत धरून हसायची.

घरात टीव्ही नसताना हे सगळं तिला समजायचं कुठून?

“लावताय ना?” सेक्रेटरी आता बायका आपला नंबर येईपर्यंत बसायच्या त्या बाकावर ऐसपैस बसले. “सांगायचं, आज केसांची वेळ दिलीय, लगेच या. एवढंच. पुढचं मी बघतो. आणि गाळ्याचा करार या महिन्यात संपतोय, लक्षात आहे ना?”

“लावा ना ताई,” टॉवेलमधून वहिनी बोलल्या. “समोरासमोर आले की मिटतं सगळं. नवरा-बायकोतलं आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?”

ताईंनी हातमोजे काढले, फोन घेतला आणि नंबर लावला. “स्पीकरवर,” सेक्रेटरींनी हुकूम सोडला. ताईंनी स्पीकर लावला. घंटी वाजत राहिली, आणि ताई मनातल्या मनात म्हणत होत्या, उचलू नको बाई, उचलू नको.

“ताई?” वेणीवालीचा आवाज आला. मागे खूप माणसांचा गलका होता. “ताई, मी तुम्हाला कळवणारच होते, मी इथे...”

“कुठे आहात ते सांगू नका!” ताई ओरडल्या. “तुमचे मिस्टर माझ्यासमोर बसलेत. माझ्याकरवी बोलावून घेतायत तुम्हाला. येऊ नका. कुणीही बोलावलं, मी बोलावलं तरी येऊ नका.”

आणि त्यांनी फोन बंद केला.

सेक्रेटरी उठले ते ट्रॉलीला लाथ मारूनच. कंगवे, चिमटे, बाटल्या फरशीवर गडगडत गेल्या. “तू... तुला काय वाटलं, तू कोण? उद्या तुझं सामान रस्त्यावर फेकलं नाही तर बघ! आण तो फोन इकडे!” त्यांनी हात पुढे केला.

ताईंनी फोन ब्लाऊजमध्ये खोचला आणि डायचा थबथबलेला ब्रश उचलला. “तोंड काळं करा इथून,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मी करते.”

पांढऱ्याशुभ्र शर्टातला माणूस ब्रशाकडे बघत दोन पावलं मागे सरकला. मग पाठ फिरवून शिव्या देत बाहेर पडला. दार इतक्या जोरात आपटलं की आरसा थरथरला.

 ताईंनी खाली बसून बाटल्या गोळा केल्या, नवीन हातमोजे चढवले आणि वहिनींचं राहिलेलं डोकं हातात घेतलं.

“एवढं ताणायला नको होतं हो,” टॉवेल बाजूला करत वहिनी म्हणाल्या. “माणूस तसा वाईट नाही. पाणी, लिफ्ट, सगळं किती मन लावून बघतो.”

“तुम्ही शेजारीच ना त्यांच्या?”

“भिंतीला भिंत लागून.”

“मग कधी काही ऐकू आलं नाही?”

“यायचं ना. रोज नाही हो, उगाच खोटं कशाला बोलू? आधी त्याचा आवाज चढायचा, मग काहीतरी पडायचं, मग ती.”

“मग?”

“मग काय? मुलांच्या कानांवर कशाला ते, म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज मोठा करायचो. तुम्हीच सांगितलेली असायची, ती वकीलबाईंची. आधी ट्रकवाली. आमचे हे वैतागायचे, म्हणायचे, अगं पलीकडे शब्द न् शब्द जात असेल.”

ताईंचा हात थांबला. वेणीवालीने वकीलबाई अशी ऐकली होती तर. मार खाऊन झाल्यावर, त्या भिंतीला कान लावून. दिसते कशी, हे बिचारी म्हणून विचारत होती. ताईंना वहिनींचा इतका संताप आला की वाटीतला सगळा डाय त्यांच्या मांडीवर ओतावा. त्याहून जास्त स्वतःचा आला. पंधरा-पंधरा दिवसांनी ते डोकं त्यांच्या हाताखाली यायचं, त्या मालिकेतल्या बायकांचं कौतुक करत राहिल्या, आणि त्या केसांखाली काय आहे ते त्यांनी कधी चाचपून पाहिलं नाही.

“काल मात्र कसं छान शांत होतं,” वहिनी आरशात बघत म्हणाल्या. “बारीक आवाजात अख्खा भाग पाहिला. संपलीच ती आता. अशीच एखादी दुसरी सांगा ना, खंबीर बाईची.”

“नाही सांगणार.”

“का हो?”

“तुम्ही आता टीव्ही बंद करून बसत जा.”

वहिनींचा चेहरा पडला.  “मी पुढच्या वेळेपासून दुसरं पार्लर बघते,” त्या म्हणाल्या.

“बघा. पण डाय धुऊन जा, नाहीतर डोकं खाजेल.”

ताईंनी त्यांचे केस धुतले, नीट धुतले, कानामागचे डागसुद्धा पुसून काढले. वहिनी ओल्या डोक्यानेच निघून गेल्या.

दुकान रिकामं झालं तशी ताईंनी आतून कडी लावली आणि फोन बाहेर काढला. सेक्रेटरी परत येणार होते, आणि पुढच्या वेळी एकटे येणार नव्हते. कमिटीतले चार पुरुष आणतील, समजूत घालतील, कराराचा कागद नाचवतील. ताईंना स्वतःची खात्री नव्हती. करार त्यांनाही हवा होता. आयुष्यभर त्यांनी अशाच समजुतींपुढे मान तुकवली होती.

पडद्यावर वेणीवालीचा नंबर होता. एकदा लावावा असं फार वाटलं. मालिकेत बाई उंबरा ओलांडते आणि पुढच्या दृश्यात थेट नव्या घराच्या खिडकीत उभी असते. मधली रात्र ती कुठे झोपते, काय खाते, हे कुणी दाखवत नाही, आणि ताईंनीही ते कधी मनात आणलं नव्हतं. आज तेवढंच विचारायचं होतं. त्यांचं बोट नंबरावर गेलंही.

पण विचारलं तर कळणार, आणि कळलं तर सांगावं लागणार.

त्यांनी केलेल्या फोनच्या यादीतून आणि नावांतूनही नंबर काढून टाकायचं बटण दाबलं. ‘नक्की?’ फोनने विचारलं. ताईंनी ‘हो’ दाबलं. नंबर त्यांना पाठ नव्हता, दुसरीकडे कुठे लिहिलेलाही नव्हता. सेक्रेटरींनी स्वतःकडचा नंबर पुढे केला असता तरी ‘मी बोलावलं तरी येऊ नका’ हे वेणीवालीला सांगून झालं होतं; आता कुणी कितीही गळ घातली तरी तिला बोलावणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.