तिसरी हाक

भिवाजीला जाऊन वर्ष झालं होतं. त्या दुपारी कडावच्या घरात त्याचा मुलगा संतोष, बाप असताना झालेल्या आपल्या हळदीची डीव्हीडी लावत होता. टीव्हीचा आवाज बसला होता, म्हणून त्यानं प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिना भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला खोचल्या. भिवाजी मंडळाचा बुवा, त्यामुळे ते धूड अजून त्यांच्याच घरी होतं. चित्र हललं, पण घरातल्या स्पीकरच्या बॉक्समधून आवाज येईना. संतोषनं बटण शेवटपर्यंत पिळलं.

त्याची आई अंबाबाई परसात भांडी घासत होती. एकाएकी देवळाकडून नवऱ्याची हाक आली, "अंबे!"

तिच्या हातातलं पातेलं गळालं. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरी फक्त जित्याची. तिसरीच्या आधी ओ दिली की संपलं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"अंबे, कुठं हायस गं?"

तेवढ्यात सगळं चिडीचूप झालं आणि संतोष हसत बाहेर आला.

"आये, देवळाच्या भोंग्याची वायर ॲम्प्लिफायरला मागं तशीच व्हती. उपटली."

अंबाबाईनं तोंडातला पदर काढून देवळाकडं बघितलं.

"तिसरी मारू द्यायची व्हतीस रं, मेल्या."