ताई जेवल्याशिवाय

डॉक्टर वल्लरी सबनीस रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायच्या आणि आकड्यांपलीकडे त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. काही दात्यांच्या रक्तात मूळ पेशी भरभरून उतरतात आणि काहींच्या रक्तात का उतरत नाहीत, या एका कोड्यापायी बाईंचे केस पांढरे झाले होते. चंदीगडच्या त्या मोठ्या रुग्णालयात कुणी 'सब माता की कृपा' म्हणालं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "असेल. पण मोजायची कशी?"

शिशिर हा त्यांचा लाडका दाता. कराडला खानावळ चालवणारा, दोघांचं एकटा जेवणारा आडदांड गडी. त्याची थोरली बहीण अपूर्वा हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर इथे आली आणि इथेच आजारी पडली. भावाच्या पेशी तिच्याशी तंतोतंत जुळल्या, तेव्हा वल्लरी लहान मुलीसारख्या खूश झाल्या होत्या. त्याच्या रक्तात पेशी वाढाव्यात म्हणून चार दिवस इंजेक्शनं झाली. आज त्या मशीनवर काढून घ्यायच्या होत्या.

आणि आज शिशिरची शीरच सापडेना.

"मॅडम, पाजी की नस ही नहीं मिल रही," सिस्टर रडकुंडीला आली. दंड भीमाचे, पण दोन्ही हात टोचून झाले तरी काही नाही. शिशिरचे ओठ सुकलेले, कपाळाला घाम, रक्तदाब घसरलेला, साखर उतरलेली. अशा माणसाला मशीनवर घेणार कोण? आणि तिकडे काचेआडच्या खोलीत अपूर्वाची मज्जा, जिथे रक्त तयार होतं तीच, औषधांनी पार जाळून टाकली होती. आता मागे फिरायला वाट नव्हती. भावाच्या पेशी मिळाल्या नाहीत, तर ती वाचत नव्हती.

"शेवटचं कधी जेवलात?" वल्लरींनी विचारलं.

शिशिर छताकडे बघत राहिला.

"शिशिर!"

"परवा रात्री. पाणी बी तवाच." तो पुटपुटला. "मॅडम, ताईच्या घशाखाली घास उतरंना. तोंडभर फोड आल्यात तिच्या. मग मी कसा गिळू? इथल्या मनसादेवीला शब्द दिलाय, ताई जेवल्याबिगर पाण्याला शिवणार न्हाई."

वल्लरींचा पारा चढला. एवढं मोजलं, तपासलं, आणि हा बाबा उपाशी! त्यांनी समजावलं, चिडल्या, हातसुद्धा जोडले. पण शिशिर म्हणजे कराडचा काळा पत्थर. शेवटी त्यांनी आतल्या खोलीत अपूर्वाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

अपूर्वानं सगळं ऐकून घेतलं. डोक्यावर केस नव्हते, पण आवाज थोरल्या बहिणीचाच.

"गाढवा, अक्कल कुठं गहाण टाकलीस?" मग बाजूला वळून ती म्हणाली, "सिस्टर, वो खिचडी लाओ।"

ती खिचडी तिनं तीन दिवस परत पाठवली होती.

पहिला घास तिनं तोंडात घेतला आणि तिचे डोळे गच्च मिटले. गिळताना गळ्याची शीर ताठ झाली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. तिसऱ्याला तिनं चमचा दोन्ही हातांनी धरला.

"बास, ताई!" शिशिर उठून बसला. "बास कर. देवीचं मी बघतो. फिटला नवस."

"गप बस. भूक लागलीय मला," अपूर्वा म्हणाली आणि चौथा घास घेतला.

शिशिरनं वल्लरींकडे पाहिलं. "खरंच लागलीय, मॅडम?"

तसल्या तोंडाला भूक नसते, नुसती आग असते, हे वल्लरींइतकं कुणाला ठाऊक? आयुष्यात एक आकडा खोटा न लिहिलेल्या त्या बाई डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "लागलीय तर! सकाळपासून मागतायत."

मग शिशिर पाणी प्यायला, कँटीनमधला राजमा-चावल हमसून हमसून रडत जेवला. दुपारी सिस्टरला पहिल्याच टोचणीत शीर मिळाली आणि रक्त मशीनकडे धावू लागलं.

वल्लरी काचेपाशी आल्या. अपूर्वा उशीला टेकून होती, ओठांवर रक्ताचा बारीक ठिपका. तिनं रिकामी वाटी उपडी करून दाखवली.

"जेवला का तो?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

"पोटभर," वल्लरी म्हणाल्या, आणि काचेला तळवा लावून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.