शून्य लिटरच्या म्हशी

दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात देखण्या म्हशी मी एका ओळीत पुसून टाकल्या. पुसल्या म्हणजे गोठ्यातून नव्हे, डेटाबेसमधून. पण हा फरक समजावून सांगेपर्यंत निम्म्या गल्लीने पायात चपला सरकवल्या होत्या.

मी क्रांती. दिवसा पुण्यातल्या एका कंपनीचं काम आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या माडीवर बसून करते आणि उरलेल्या वेळात गल्लीच्या म्हैस मंडळाची हक्काची हमाल असते. दर पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. अंग भादरून तेल चोपडायचं, शिंगं रंगवायची, त्यांवर मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मग मालक हाक मारत पुढे धावतो आणि म्हैस त्याच्या मागे सुटते. हाकेसरशी ज्या घरची म्हैस आली, ते घर वर्षभर कॉलर ताठ करून फिरतं. यंदा रस्त्याची परवानगी एकशेवीस म्हशींपुरतीच मिळाली होती. यादी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची, आणि यादीत नाव नाही ती म्हैस रस्त्यावर नाही.

माझ्याकडे दाखले होते दोनशे चौदा. आमच्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना सारखे रकाने नाहीत, प्रत्येक म्हशीचा आपापला स्वतंत्र दाखला. कुणाच्या दाखल्यावर शिंगांची लांबी, कुणाच्या दाखल्यावर रेडकाचं नाव, बाळासोंच्या म्हशीच्या दाखल्यावर तर तिला कुठलं गाणं लावलं की पान्हा सुटतो तेही. मात्र रोजचं दूध सगळ्यांच्या दाखल्यावर, कारण ते मालक दर रविवारी मोबाईलवरून भरतात.

या दोनशे चौदांपैकी कितीतरी म्हशी विकल्या गेल्या होत्या, काही वारल्या होत्या. पण आमच्यात ‘म्हैस मेली’ असं कुणी लिहीत नाही, बोलतही नाही. दुधापुढे गुपचूप शून्य टाकतात. म्हणून मी डोकं चालवलं. गाभण म्हशी आटतात, त्यांना मी आधीच वेगळी खूण ठेवली होती. गवळ्याची पोर आहे, तेवढी अक्कल आहे मला. मग फिल्टरमध्ये दोन अटी घातल्या. दूध शून्य, आणि गाभणची खूण नाही. असे जितके दाखले सापडतील तितके डिलीट.

शहाणा माणूस अशा वेळी त्याच अटी लावून आधी नुसतं मोजतो. सापडलेली नावं वाचतो, मग पुसतो. हे मला शिकवलेलं आहे. मी चार जणांना शिकवलेलं आहे. पण खालून गरम चकल्यांचा वास येत होता, एका हातात चकली होती, दुसऱ्या हाताने मी थेट बटण दाबलं.

एकशे सत्तेचाळीस दाखले गेले. उरले सदुसष्ट.

चकली तोंडातच राहिली. खाली गल्लीत लोक मोबाईलवर यादी उघडून बसलेच होते. पहिला आवाज बादशहाभाईंचा आला. आमच्या शेजारचेच गवळी, आवाज असा की पलीकडच्या पेठेतली कुत्री उठतात.

“क्रांते! माझी बिजली कुठं गेली गं?”

ओरडतच ते जिना चढून वर आले, पाठोपाठ मंडळाचे अध्यक्ष गणपतराव. “आगं, माझी बी न्हाय! शिंगं रंगवून बसलोय म्या!”

आणि त्यांच्या मागून, एका एका पायरीवर थांबत, आक्का आली.

आक्का म्हणजे माझी आत्या. वय एकाहत्तर. तिची चिमणी नावाची म्हैस आहे, जी जिन्यातून मावणार नाही. तीन वर्षं आक्का तिला रोज पहाटे हाक मारून पळायला शिकवतेय. पाडवा झाला की आक्काच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि त्यानंतर पळायचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे चिमणीच्या पुढे धावायची तिला ही एकच संधी. ती माझ्या खुर्चीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी चिमणी मेल्याली न्हाय, क्रांते.”

मला इतकी लाज वाटली की चकली गिळवेना.

“आक्का, चिमणीचं दूध शून्य का लिहिलंस?”

“मग काय खरं लिवू? समद्या गावाची नजर लावून घिऊ?”

मी बादशहाभाईंकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. गणपतराव हातातली मोरपिसं मोजायला लागले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिचं दूध जास्त, तिच्यापुढे शून्य! वारलेल्या म्हशीला शून्य आणि बादलीभर देणारीलाही शून्य. माणसांशी हे लोक खोटं बोलतात हे मला पाळण्यातून ठाऊक होतं. पण मला वाटलं, मोबाईलशी कशाला बोलतील?

“मोबाईलला कसली आलीय नजर?” मी ओरडले.

“मोबाईल बघतंय कोण?” आक्का म्हणाली. “माणसंच की!”

खरं सांगते, मला हसू फुटलं. मी हसले, मग बादशहाभाई हसले, गणपतरावांनी रागावायचा प्रयत्न केला पण त्यांचं पोटच हलायला लागलं. एकटी आक्का हसली नाही.

सुदैवाने दुपारचा बॅकअप होता. दहा मिनिटांत दोनशे चौदा म्हशी परत आल्या. आता खरं शून्य आणि खोटं शून्य वेगळं कसं काढायचं? दूध विचारलं तर कुणी सांगणार नाही. मग मी विचार केला, दूध लपवता येतं, भूक कशी लपवणार? मंडळातून सरकी पेंडीचं पोतं नेलं की त्या म्हशीच्या दाखल्यावर पेंडीचा रकाना आपोआप उघडतो आणि तारीख पडते. मेलेली म्हैस पेंड खात नाही. तेव्हा तिसरी अट घातली: या महिन्यात पेंड नेलेली नाही. तिन्ही अटी एकदम जुळल्या तरच पुसायचं.

या वेळी आधी मोजलं. शहाण्णव. पुसल्यावर उरणार एकशेअठरा, परवानगीत चपखल! बादशहाभाईंनी शिट्टी मारली. मी शहाण्णव नावं मोठ्याने वाचायला घेतली. विकलेली, वारलेली, चंदगडच्या पावण्यांना दिलेली. प्रत्येक नावाला गणपतराव मान डोलवत होते. शहाण्णवावं नाव वाचताना माझी जीभ अडखळली.

चिमणी.

आक्का मंडळाची पेंड घेतच नाही. स्वतः चुलीवर हरभऱ्याची चुणी शिजवते. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं की त्याचीही नजर लागते म्हणून.

“दोन जागा शिल्लक आहेत,” मी घाईने म्हणाले. “चिमणीला मी हाताने घालते.”

“घालशील की,” गणपतराव म्हणाले. “तुझी आत्ती हाय म्हणून मागल्या दारानं? मग उद्या समदी गल्ली येईल तुझ्याकडं. आक्कांनी सोता दूध सांगावं, आकडा दाखल्यावर चढवावा, नाव वाचंल. समद्यांसमोर.”

घड्याळात साडेचार वाजले होते. माडीवर आता वीसेक माणसं जमली होती, जिन्यात आणखी. आक्काने पदर तोंडाला लावला. तिच्याकडे आधी तांबडी नावाची म्हैस होती. एका पाहुण्याने दूध किती ते सहज विचारलं, आक्काने सहज सांगितलं, आणि आठ दिवसांत तांबडी गेली. डॉक्टरांनी पोटफुगी सांगितली. आक्काने नजर सांगितली, आणि तेव्हापासून तिने कुणाला एक थेंब खरा सांगितला नव्हता. मला वाटलं, जाऊ दे, नको तिला हे बोलायला लावूया. तिचा हात धरून मी म्हणाले, “राहू दे आक्का. पुढच्या वर्षी—”

“पुढल्या वर्षी कुठलं पाय आणू?” असं म्हणून तिने पदर खाली केला, डोळे मिटले आणि अख्ख्या माडीला ऐकू जाईल असं ओरडली, “सोळा! सोळा लिटर देती माझी चिमणी!”

बादशहाभाईंना ते सहन झालं नाही.

“सोळा? माझी बिजली सतरा देतीया!”

“सतरा कुठली! पंध्राच्या वर न्हाय ती,” जिन्यातून बाळासो. “माझी साडेसतरा!”

“नऊ,” गणपतराव म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. “बरं, चौदा!”

मग जो गलका उठला, तो विचारू नका. जे आकडे बायकोच्या कानात सांगायला भीत होते, ते माणसं एकमेकांच्या अंगावर फेकत होती. मी टाईप करता करता हसून लोळत होते. पाचला चार मिनिटं असताना मी शेवटचं मोजलं, पंचाण्णव नावं दोनदा वाचली, बटण दाबलं आणि यादी पाठवली.

रात्रभर आक्का गोठ्यात मीठमोहऱ्या ओवाळत होती म्हणे. सकाळी तिने धार काढली, पण किती निघालं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस उभं राहायला जागा नव्हती. आक्काने लुगड्याचा ओचा खोचला, वळून एकदाच हाक मारली, “चिमणेऽऽ!”, आणि धावत सुटली. धावणं कसलं, गुडघे कुरकुरत होते, तोंड वेडंवाकडं झालं होतं. पण चिमणी! मोरपिसं उडवत, घुंगरं वाजवत अशी सुटली की माणसं भिंतीला चिकटली. आक्काला ओलांडून गेली नाही. तिच्या पाठीला नाक लावून, तिच्याच चालीने, शेवटपर्यंत आली. मी शिट्ट्या मारत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम.

आक्का चौकात फतकल मारून बसली. धाप लागलेली, घामाने निथळलेली, आणि हसतेय. गर्दीतल्या कुणा परगावच्या माणसाने चिमणीच्या पाठीवर हात ठेवून सहज विचारलं, “मावशी, दूध किती देती ही?”

आमच्या सगळ्या गल्लीच्या माना आक्काकडे वळल्या.

आक्काने त्या माणसाकडे खालून वर बघितलं.

“पावणं, सकाळी सतरा काढलंय,” ती म्हणाली. “आता पळून आलीया, सांजच्याला वाढंल.”