सहनशील पिंकी

निमगाव केतकीजवळच्या वस्तीशाळेत समिनाबाई दुसरीचा वर्ग घ्यायच्या. त्या आठवड्यात त्यांनी मुलांना गुण शिकवायला घेतले होते. पुठ्ठ्याचे बिल्ले कापून प्रत्येकावर एकेक गुण लिहिला होता. ज्याच्यात जो गुण दिसेल, त्याला तो बिल्ला.

"सहनशील म्हंजी काय वो, बाई?" पिंकीनं विचारलं.

"दुखलं-खुपलं तरी जो रडत नाही, तो सहनशील."

"मग हिला न्हाय मिळायचा!" शिवम ओरडला. सगळा वर्ग हसला. पेन्सिल सापडली नाही तरी पिंकी भोकाड पसरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंज्या अंथरायची पाळी पिंकीची होती. त्यानंतर ती जागेवर बसली ती बसलीच. पाढे झाले, कविता झाली, तरी कुरकुर नाही. समिनाबाईंना कौतुक वाटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं 'सहनशील'चा बिल्ला तिच्या फ्रॉकला लावला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पिंकी मान खाली घालून बसली होती. बाईंना वाटलं, लाजली.

थोड्या वेळानं शिवम किंचाळला, "बाई, इचू!"

सतरंजीच्या घडीतून तांबडा विंचू बाहेर येत होता. बाईंनी मुलांना बाहेर पळवलं. सगळी पळाली, पिंकी उठली नाही. तिनं उजवा हात फ्रॉकमध्ये गुंडाळला होता. ऐन थंडीत तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

"पिंकी, हात दाखव."

बोट सुजलं होतं. हात बर्फासारखा गार.

"मगाशीच चावला," ती पुटपुटली. "पर मी रडले न्हाय, बाई."

समिनाबाईंनी तिला उचललं. शाळेसमोरच्या जोतीरामनं जीप काढली. इंदापूरच्या दवाखान्यापर्यंत पिंकी बाईंच्या मांडीवर ओकत होती.

"चावून किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाळा भरली तेव्हा."

"आणि आत्ता आणताय?"



खुरपणी टाकून पिंकीची आई, तुळसा, धावत आली. "मुंगी चावली तर घर डोक्यावर घेती माझी पोरगी. गप कशी बसली?"

समिनाबाईंनी काही न लपवता सांगितलं.  तुळसानं लेकीच्या फ्रॉकवरचा बिल्ला ओरबाडून काढला आणि खाली टाकला.

संध्याकाळी पिंकीच्या हातापायांत ऊब आली. सलाईनच्या सुईकडं बघून ती मोठ्यानं रडायला लागली. "रड, बाय, रड," म्हणत तुळसाही रडली. दाराशी उभ्या समिनाबाईंना आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही.

सोमवारी त्या वर्गात म्हणाल्या, "माझं चुकलं. दुखलं की लगेच सांगायचं. रडू आलं तर रडायचं. आज कुणाला काही दुखतंय?"

दोघांनी पोट सांगितलं, एकीनं दाढ. शेवटी कोपऱ्यातल्या अरफातनं हात वर केला. कधीच बोलत नाही, म्हणून सगळ्या शाळेत त्याला गुणी म्हणायचे.

"बाई, मला ह्या कानानं ऐकूच येत न्हाय."

"कधीपासून, बाळा?"

"पहिलीपासनं," तो म्हणाला. "कुणी इचारलंच न्हाय."

समिनाबाई खाली, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसल्या.