मुक्यासाठी एकेक दिवा

लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून दोन तिकिटं बापाच्या हातावर ठेवली आणि आई घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. लेकीला बिचारीला काय माहीत? तिला एवढंच ठाऊक होतं की बाबा एके काळी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे, तो बँड पुढे फार मोठा झाला आणि आता ते म्हातारे शेवटचा दौरा करत आपल्या शहरातल्या स्टेडियममध्ये येणार आहेत. बाबांना किती आनंद होईल, असं तिला वाटलं. तसा तो झालाही. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस, म्हणून तर बँडमध्ये त्याला मुक्या म्हणायचे, तो त्या दिवशी जेवताना घास हातात धरून बोलत बसला.

बाई हसरा चेहरा करून वाढत राहिली. करते काय? त्या बँडच्या लेखी हा माणूस केव्हाच मेला होता, आणि त्याला मारणारी तीच होती.

झालं होतं असं. बँडने मुक्याला काढलं ते दारूपायी. भर कार्यक्रमात तो ड्रमवर जाऊन कोसळला होता. त्यानंतर तर त्याने ताळच सोडला. हॉस्पिटलात मरता मरता वाचला, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हा पुन्हा प्यायला तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही. मग दारू कशीबशी सुटली. तिच्या भावाने त्याला लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत चिकटवलं. सकाळी डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघायचा, संध्याकाळी येऊन ग्रीसने माखलेले हात मोरीत घासत बसायचा. घर जरा कुठे मार्गाला लागत होतं, अशात एका दुपारी फोन वाजला.

पलीकडे बँडचा मॅनेजर होता. नवा बेसवाला सोडून गेलाय, मोठा दौरा ठरलाय, झालं गेलं विसरून मुक्याला परत घ्यायचंय, असं म्हणाला. दौरा म्हणजे रोज नवं गाव आणि रोज कार्यक्रमानंतर बाटल्या, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. लेक आतल्या खोलीत मोठ्याने पाढे म्हणत होती. "ते वारले," बाई म्हणाली. "मागच्याच महिन्यात." आणि फोनवर रडली. मग तोंड धुतलं, आणि नवरा घरी आल्यावर त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

पुढे वर्षानुवर्षं तो त्या फोनची वाट बघत राहिला. घंटी वाजली की त्याची मान वर व्हायची. एकदा तरी विचारतील गं, असं म्हणायचा. नंतर तेही म्हणेनासा झाला. स्वतःहून कुणाच्या दारात जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. तिला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला, फार वाटायचं. पण भिंतीवरच्या फोटोपेक्षा समोर बसून कुरकुरणारा नवरा बरा, असं स्वतःला समजावून ती झोपायची.

तिकिटं आल्यापासून त्याने माळ्यावरची गिटार काढली, नव्या तारा चढवल्या. बोटं वळतात का बघतो नुसतं, म्हणाला. कार्यक्रम संपला की कलाकार निघतात त्या मागच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, असंही त्याने ठरवून टाकलं. ओळखतील की नाही, एवढीच त्याला धाकधूक. त्याला त्या दारापर्यंत जाऊ द्यायचं नाही, म्हणून तर ती सोबत आली. कार्यक्रम संपायच्या जरा आधी आपला गुडघा दुखायला लागला पाहिजे, असा तिचा बेत होता. गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे नाटक करायची गरज पडणार नव्हती.

जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या गार पडलेल्या. स्टेज काडेपेटीएवढं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंना इमारतीएवढे पडदे होते आणि त्यांवर त्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यासुद्धा मोजून घ्याव्यात. गाणारा लांबू आता चांगलाच सुटला होता. वरचा सूर आला की माइक लोकांकडे करायचा आणि लोक हौसेने ओरडायचे. "लबाड," मुक्या खुशीत म्हणाला. त्याची बोटं मांडीवर सगळी गाणी वाजवत होती. इतक्या सुखात तिने त्याला कधी पाहिलं होतं, तिला आठवेना.

मग दिवे मंदावले. लांबू स्टुलावर बसला आणि म्हणाला, ही धून आमची नव्हे, आमच्या मुक्याची आहे. पडद्यांवर एक चेहरा उमटला. खांद्यापर्यंत केस, तोंडात सिगारेट, पंचविशीतला तिचा नवरा.

मुक्या ताडकन उभा राहिला. सुटलेल्या बसला थांबवावं तसा हात वर करून हलवू लागला. एवढ्या गर्दीत, एवढ्या उंचीवर त्याला कोण बघणार होतं? तिने त्याची बाही ओढली, पण त्याला कळलंही नाही.

"तो गेला तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी वाजवत होतो," लांबू सांगत होता. त्याचा आवाज खरंच फाटला. "त्याला शेवटचं बघायचं राहून गेलं. आज त्याच्यासाठी एकेक दिवा लावा."

अख्ख्या स्टेडियममध्ये मोबाइलचे टॉर्च लागत गेले. मुक्याचा हात तसाच वर होता. मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा बसा ना, दिसत नाहीये. तो बसला.

शेजारच्या मुलीने बाईला विचारलं, आजी, तुम्ही नाही लावत? मला येत नाही, ती म्हणाली, तर मुलीने तिचा मोबाइल घेऊन टॉर्च लावून हातात दिला. मुलीचे डोळे भरले होते. मुक्याने वाकून तिला विचारलं की हा माणूस चांगला वाजवायचा का. तसा त्यांना पुन्हा मिळालाच नाही म्हणतात, मुलगी म्हणाली. त्याने मान हलवली, आणि बायकोकडे वळला तेव्हा चक्क हसत होता. कुणीतरी मेल्याने काहीतरी थाप मारलीय, म्हणाला. चल, आत्ताच जाऊ मागच्या दाराशी, मला बघून लांबूची बोबडी वळेल.

आता पळवाट नव्हती. तिथे गेल्यावर पहिल्याच वाक्यात तिचं नाव निघालं असतं.

"अहो, बसा. थाप मीच मारली," ती म्हणाली. "फोन आला होता. परत बोलवत होते तुम्हाला. मी सांगितलं, तुम्ही वारलात."

खाली त्याचीच धून चालली होती. पूर्वी त्याने ताटं भिरकावली होती, तसं काहीतरी त्याने आताही करावं, असं तिला मनापासून वाटलं.

"रडलीस?" त्याने विचारलं.

"रडले. आधी त्यांना खरं वाटावं म्हणून. मग थांबताच येईना."

तो उठला. तिच्या गुडघ्यासाठी प्रत्येक पायरीवर थांबणारा माणूस, आज थांबला नाही. कठड्याला धरून ती मागोमाग उतरली. जाऊ दे त्या दाराशी, चार लोकांत माझी अब्रू काढू दे, पण जाऊ दे, असं म्हणत उतरली.

तो दाराशी गेला नव्हता. खालच्या बोळात बिअरच्या टपरीपुढे उभा होता. सगळे आत गाण्याला होते, त्यामुळे रांग नव्हती. ग्लास त्याच्या हातात होता.

"अहो, नका. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"मेलेल्याला काय होतंय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने ग्लास तोंडाला लावून रिकामा केला, ठेवला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

तो हात तिने आजवर किती ठिकाणांहून मागे ओढला होता. आताही तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला. मग तिला तोच हात मघासारखा वर, गर्दीत, लांबूकडे बघून हलताना दिसला, आणि तिने आपला हात मागे घेतला.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या दुसऱ्या हातातला टॉर्च अजून चालू होता. तो बंद करायला तिला येत नव्हतं.