गोनबेची वेणीफणी

“सुपुराबा-सान, हे काय आहे?”

कुरामोतो-साननी गोनबेच्या आयाळीतून पांढरं काहीतरी चिमटीत काढलं आणि सुप्रभाच्या नाकासमोर धरलं. जपानी जिभेला ‘सुप्रभा’ जमायचं नाही, ‘सुपुराबा-सान’ म्हणजे सुप्रभाबाई. ते काय आहे हे तिला वास न घेताच कळलं होतं. गोनबेच्या काळ्याभोर आयाळीवर, कानांपासून थेट खांद्यापर्यंत, पांढरे कण थिजून बसले होते. ऐन स्पर्धेच्या सकाळी कुणी घोड्याच्या डोक्यावर मेणबत्ती वितळवून ओतावी तसा तो दिसत होता. गोनबे मात्र मजेत होता. कुरामोतो-सानांच्या खिशात गाजर आहे का, ते तो हुंगून बघत होता.

“तेल आहे,” सुप्रभा म्हणाली.

“कसलं तेल?”

“खोबऱ्याचं. डोक्याला लावायचं.”

“कुणाच्या डोक्याला?”

सुप्रभाला जपानी बेताचंच येत होतं. जे येत होतं तेही तबेल्यात शिकलेलं, त्यामुळे बँकेतल्या मुलीपेक्षा घोड्यांनाच ते जास्त कळायचं. तिनं स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. कुरामोतो-सान या रायडिंग क्लबचे मालक. माणूस आवाज चढवणारा नव्हता. रागावले की डोक्यावरची टोपी काढायचे आणि पुन्हा घालायचे. आज त्यांनी ती तीनदा काढली.

“तेलकट केसांची वेणी टिकत नाही,” ते म्हणाले. “दोन तासांनी तो रिंगणात जायचाय.”

सुप्रभा चार वर्षांपूर्वी टोकियोत आली, ती नवऱ्याच्या नोकरीमागून. सदानंद कावासाकीला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता. तो सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. मुलगी कस्तुरी शाळेत. ओजिमा भागातल्या सरकारी वसाहतीत कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे पाठ झाल्यावर सुप्रभाला करायला काही उरलं नाही. सदानंदचे शर्ट ती कोपऱ्यावरच्या हामानाका-सानांच्या लाँड्रीत द्यायची. हामानाका-सान साठी ओलांडलेल्या, विधवा, दुकान मुलाच्या हाती सोपवून उतारवयात घोडेस्वारी शिकायला लागलेल्या. एक दिवस त्या शर्टांच्या घड्या देता देता म्हणाल्या, “आमच्या क्लबात सकाळच्या बाइतोला बाई हवीय. येतेस?”

बाइतो म्हणजे अर्धवेळ काम, हे सुप्रभाला माहीत होतं. घोड्यांचं मात्र काहीच माहीत नव्हतं. तिची सगळी ओळख महाबळेश्वरला लहानपणी मारलेल्या एका फेरीपुरती, आणि तीसुद्धा डोळे घट्ट मिटून. तरी ती गेली. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या, पोट सुटलेल्या, काळ्या घोड्यानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि एक लांब उसासा सोडला. तो गोनबे. तेव्हापासून लीद काढणं, खरारा करणं, चंदी घालणं, सगळं तिनं मनापासून केलं. ट्रेननं नदीपलीकडे उतरायचं आणि स्टेशनपासून सायकल हाणायची, यातही तिला मौज वाटू लागली. सातारच्या आईला मात्र तिनं “एका संस्थेत काम करते” एवढंच कळवलं होतं.

स्पर्धेच्या हंगामात घोड्यांच्या आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घालतात, दुमडून वर घेतात आणि दोऱ्यानं शिवून टाकतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुप्रभाला हसू आवरेना. शाळेत असताना ती स्वतः अशाच वर बांधलेल्या वेण्या घालून जायची, फक्त रिबिनी लावून! मग हळूहळू सगळ्या घोड्यांची वेणीफणी तिच्याकडेच आली. घरी तसंही तिच्या हातांना काम राहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये कस्तुरीनं केस मानेपर्यंत कापून टाकले होते. “आई, तेलाचा वास येतो म्हणतात मुली,” असं जपानीत म्हणाली, आणि मग आईचा चेहरा बघून मराठीत म्हणाली, “सॉरी हं.” तेव्हापासून खोबरेलाची बाटली फळीवर तशीच पडून होती.

यंदाचा हंगाम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जमिनीचे भाव कोसळल्यापासून क्लबचे मेंबर गळत चालले होते आणि घोडे तेवढेच होते. एक घोडा कमी करावा लागणार, असं कुरामोतो-साननी सांगून टाकलं होतं. म्हातारा गोनबेच. मात्र या रविवारी हंटर नावाची एक स्पर्धा होती. तिच्यात वेगाला किंमत नाही. घोडा अडथळ्यांवरून किती शांतपणे जातो, किती नीटनेटका दिसतो, हे बघतात. त्यात गोनबेला फीत मिळाली, तर नवशिक्यांसाठी भरवशाचा घोडा म्हणून कुणी मेंबर त्याचा खर्च उचलेल. नाहीतर सोमवारी ट्रक येणार. ट्रक कुठे जातो, हे सुप्रभानं एकदा विचारलं होतं. “लांब,” कुरामोतो-सान म्हणाले होते आणि टोपी काढून पुन्हा घातली होती. तिनं परत विचारलं नाही.

मग शनिवारी तिच्यातलं मराठी बाईमाणूस जागं झालं. परीक्षा असो, स्नेहसंमेलन असो, मुलगी बघायला येणार असोत, आदल्या दिवशी डोक्याला तेल चोपडल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडलंय? तिनं बाटली पिशवीत टाकली, तबेल्यात नेऊन गरम पाण्यात धरली आणि गोनबेच्या आयाळीत मुळापासून तेल जिरवलं. गोनबेचा खालचा ओठ सुखानं लोंबला. बाटली जवळजवळ अर्धी झाली.

“घोड्याला खोबरेल?” घरी सदानंद जेवता जेवता थांबला. “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी एवढं चोळलंस का गं?”

“तुम्हाला केस कुठे आहेत, अहो?”

यावर कस्तुरीसुद्धा हसली. सुप्रभा निश्चिंत झोपली. थंडीत खोबरेल थिजतं, साताऱ्यातसुद्धा हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते, हे तिला जन्मापासून माहीत होतं. पण मायेच्या भरात माणूस काय काय विसरतो!

आणि आता ती गोनबेसमोर रडायच्या बेतात उभी होती.

तेवढ्यात हामानाका-सान आल्या. पांढरी तुमान, कडक इस्त्रीचा काळा कोट, हातात पांढरे हातमोजे. गोनबेवर आज त्याच बसणार होत्या. उभ्या आयुष्यातली त्यांची पहिली स्पर्धा. त्यांनी आयाळ पाहिली, बोटं फिरवली, बोटांचा वास घेतला आणि मोठ्यानं हसल्या.

“तेलाचा डाग? अगं, तेलाचे डाग काढूनच मी घर चालवलं. गरम टॉवेल आणा. आणि तेल शोषून घेईल असं काहीतरी कोरडं पीठ.”

पीठ म्हटल्यावर सुप्रभाच्या डोळ्यांसमोर न्हाणीघरातली डाळीच्या पिठाची वाटी आली. पण जपानातल्या तबेल्यात डाळीचं पीठ कुठून आणणार? तिची नजर चंदीच्या पिंपांवर गेली. एकात गव्हाचा कोंडा होता. ती धावली, घमेलंभर कोंडा घेऊन आली.

मग जे चाललं ते बघण्यासारखं होतं. हामानाका-सान कोट काढून, बाह्या सरसावून गरम टॉवेलानं तेल वितळवत होत्या, सुप्रभा मागून कोंडा चोळत होती, आणि गोनबे मान वळवून वळवून स्वतःची आयाळ खायला बघत होता.

“अरे, थांब ना मेल्या!” सुप्रभा मराठीत ओरडली.

“काय म्हणालीस त्याला?” हामानाका-साननी विचारलं.

“लाडानं बोलले.”

कुरामोतो-सान थोडा वेळ दुसरीकडे बघण्याचं नाटक करत उभे राहिले. मग निमूटपणे किटली घेऊन आले आणि टॉवेलांवर पाणी ओतू लागले.

तेल उतरलं. कोंडा झटकला, फणी फिरवली, आणि सुप्रभाची बोटं चालू लागली. तीन पेड, दुमड, टाका. तीन पेड, दुमड, टाका. शेवटची वेणी खांद्याजवळची, तिथे कोंडा नीट पोचला नव्हता आणि केस हातातून निसटत होते. तेवढ्यात लाउडस्पीकरवर गोनबेचं नाव पुकारलं. सुप्रभानं दोरा जमेल तितका आवळला. एरवी तिनं गणपतीला नारळ बोलला असता, पण आज नारळाचं नाव काढायची सोय नव्हती.

रिंगणात आधीचे घोडे तरुण होते. ते फुरफुरत, शेपट्या उडवत अडथळे ओलांडून गेले. मग गोनबे आला. त्याला कसली घाई नव्हती. पहिला अडथळा त्यानं असा ओलांडला, जणू दारातला उंबरा. दुसरा तसाच. हामानाका-सान पाठीवर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या बहुधा त्याच्याशी बोलत होत्या. कुंपणाशी उभ्या असलेल्या सुप्रभाला वाटलं, आता ओरडावं, सगळ्यांना सांगावं, बघा, माझा गोनबे बघा. तिनं कुंपणाची फळी घट्ट धरली.

शेवटच्या अडथळ्यावरून गोनबे खाली उतरला आणि खांद्याजवळची वेणी सुटली. केसांची बट हामानाका-सानांच्या पांढऱ्या हातमोज्यांवर जाऊन पडली. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

गोनबेचा चौथा नंबर आला. फिती तिघांनाच होत्या.

कुरामोतो-सान ठाणापाशी आले तेव्हा सुप्रभा गोनबेच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. ते जरा घुटमळले. मग त्यांनी खिशातून गाजर काढून गोनबेला दिलं.

“एका वेणीमुळे नाही गेला तो,” ते म्हणाले. “छान पळाला. पण सुपुराबा-सान, उद्या...”

“चूक माझी आहे,” सुप्रभा म्हणाली. “तेल मी लावलं. मला वाटलं, चांगला दिसेल. त्याला का शिक्षा?”

हामानाका-सान घोड्याच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांचे पांढरे हातमोजे तेलकट झाले होते. त्या ते नाकाशी धरून हुंगत होत्या.

“लहानपणी शाळेत क्रीडादिन असला,” त्या म्हणाल्या, “की आदल्या रात्री माझी आई माझ्या केसांना त्सुबाकीचं तेल लावायची. त्सुबाकी म्हणजे ते लाल फूल, आमच्या दुकानासमोर आहे ना? त्या झाडाच्या बियांचं तेल. ते थिजत नाही हं, पुढच्या वेळी तेच घे. मी धावण्यात दर वर्षी शेवटची यायची. तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा लावायचीच.” त्यांनी हातमोजे घडी करून खिशात ठेवले. “आई गेली. त्यानंतर मी सगळा जन्म लोकांच्या कॉलरचं तेल काढलं. माझ्या डोक्याला कुणी लावलं नाही.”

गाजर चावणाऱ्या गोनबेची मान थोपटून त्या कुरामोतो-सानांकडे वळल्या.

“कुरामोतो-सान, उद्याचा तुमचा ट्रक नको. माझ्या भावाचा येईल. तो बोसोला, तिकडे समुद्राकाठी, मुळा पिकवतो. जागा पुष्कळ आहे, एक बकरीही आहे. खर्चाचं मी बघते. ज्याच्या डोक्याला कुणी मायेनं तेल लावतंय, त्याला असं कुठेतरी लांब पाठवायचं नाही.”

कुरामोतो-साननी टोपी काढली, पण या वेळी पुन्हा घातली नाही. ती हातात धरून ते कमरेतून वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. तेवढ्यात गोनबेनं टोपी दातांत पकडली. ती सोडवता सोडवता तिघांची पुरेवाट झाली, आणि सुप्रभा रडता रडता हसू लागली.

संध्याकाळी तिनं टाके कापून एकेक वेणी मोकळी केली. वेण्या तशाच ठेवल्या तर घोडा मान घासून केस तोडून घेतो. आणि काही झालं तरी वेणी घालून झोपू नये, असं तिची आई म्हणायची.

सोमवारी सकाळी ट्रक आला. त्याला मुळ्याच्या पाल्याचा वास येत होता, त्यामुळे गोनबे कुणी न ओढता आपण होऊन चढला. सुप्रभानं उरलेल्या तेलाची बाटली हामानाका-सानांच्या हातात ठेवली.

“थंडीत थिजतं. आधी गरम पाण्यात ठेवायचं.”

“माहीत आहे,” हामानाका-सान म्हणाल्या. “आता आयुष्यभर विसरणार नाही. आणि दर महिन्याला तू माझ्याबरोबर यायचंस. मला कुठे एवढं नीट लावता येणार?”

ट्रक निघाला. मागच्या फळीवरून गोनबेची मान दिसत होती. वेण्यांमुळे आयाळीला बारीक लाटा पडल्या होत्या आणि सकाळच्या उन्हात त्या चमकत होत्या. दोन दिवस राहतील, मग केस पुन्हा सरळ होतील. ट्रक बांधाच्या रस्त्याला वळेपर्यंत सुप्रभा हात हलवत राहिली. गोनबेनं मागे वळून पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष पाल्यात होतं, आणि याचं तिला बरंच वाटलं.

मग ती रिकाम्या ठाणात गेली. जमिनीवर ओला पेंढा होता, सांडलेला कोंडा होता. दाराच्या कडीत काळे लांब केस अडकले होते, वेण्यांचा बाक अजून धरून बसलेले. विंचरल्यावर गळलेले केस बायका बोटाभोवती गुंडाळतात तसे तिनं ते सवयीनं गुंडाळले. छोटंसं गुंतवळ झालं. घरी असती तर तिनं ते कचऱ्यात टाकलं असतं. आज तिनं ते एप्रनच्या खिशात ठेवलं आणि फावडं उचललं.