चालू पंप

मी एक जुना पाण्याचा पंप आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर मला माणसांचा वीट आला आहे. सगळ्यांचा नाही. कोणाकोणाचा, ते पुढे कळेलच.

वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले, आत पाणी ढकलणारा पितळी पंखा बसवला आणि नदीकाठच्या पंपघरात आणून माझे बोल्ट आवळले. काम एकच. गाळलेले पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचे. वरची वस्ती आणि वरचे सरकारी रुग्णालय त्याच टाकीवर अवलंबून होते. पाणी आले की लोक नळाकडे बघून खूश होत आणि गेले की शिव्या मला देत. मला त्याची सवय झाली होती.

माझी देखभाल फिटरमामा करत. त्यांची भाची वर रुग्णालयात परिचारिका होती. ती डबा घेऊन आली की दारातूनच "मामा!" अशी हाक मारायची, म्हणून सगळे गावच त्यांना मामा म्हणू लागले. माझ्या अंगावर तळहात ठेवून मामा म्हणायचे, "आज कुरकुरतोयस रे, गड्या." मग मला वंगण मिळायचे. कौतुक म्हणावे ते एवढेच, पण ते मला पुरत होते.

मग पूर आला. नदी पंपघराच्या छपराला टेकली. ती ओसरली तेव्हा माझ्या पोटात गाळ होता आणि मोटारीत एक बेडूक ऐसपैस बसला होता. मामांनी मला पुरता खोलला. मोटारीवर चादर घालून तिच्याखाली विजेचे दिवे लावून ठेवले आणि त्या उबेवर ती वाळवत बसले.

"मामा, लवकर काहीतरी करा हो," भाची म्हणाली. "टँकरचं पाणी दुपारीच संपतं. बाळंतिणींचं अंग पुसायला पाणी नाही."

"होईल गं. लोखंड आहे ते. रुसतं, मरत नाही."

आणि खरेच, एका सकाळी मी सुरू झालो. थोड्या वेळाने भाचीचा फोन आला, "मामा, नळाला पाणी आलं!" मामांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मीही एका सांध्यातून थेंबभर टपकलो.

दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा खात्याचे साहेब आले. सोबत ठेकेदार होता.

"हा चालू कुणी केला?"

"मीच, साहेब," मामा छाती पुढे काढून म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, काय करून बसलात! पुनर्बांधणीचा निधी बंद पडलेल्या यंत्रांना आहे. चालू पंपाला दमडी मिळणार नाही. परवा नुकसान पाहायला समिती येतेय. बंद करा तो."

"वर दवाखाना आहे, साहेब."

"नवाकोरा पंप येईल, मामा. थोडी कळ काढा."

आपल्या भाषेत हा शब्द मोठा गमतीचा आहे, मित्रांनो. यंत्र चालू असले तर ते कामाचे. माणूस चालू असला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे. मी चालू होतो म्हणून मला शिक्षा झाली आणि माझ्याहून चालू होते त्यांनी ती दिली.

मामांनी मला बंद करायला नकार दिला. मग ठेकेदाराच्या माणसाने माझा पंखा काढून नेला आणि जाता जाता कवचावर घण घालून ते तडकवले. समिती आली, नाकाला रुमाल लावून "अरेरे" म्हणाली आणि फोटो काढून गेली. गाळात पडलो होतो तेव्हा मला किळस आली नव्हती. ती त्या "अरेरे"ची आली.

निधी आला. लोकांनी भरलेल्या करांतूनच तो आला होता. त्यातून आधी कुंपणाची भिंत झाली, मग कमान, मग साहेबांची फरशी घातलेली खोली. पंप म्हणे दुसऱ्या टप्प्यात! मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे ऐकले होते, पण इथे तर रुग्ण जिवंत होते.

एका दुपारी भाची माझ्याजवळच्या कट्ट्यावर येऊन बसली. "आज बाळंतपणाच्या वॉर्डाला कुलूप लावलं, मामा. हात धुवायला पाणी नाही. बायकांना टेंपोत घालून शहरात पाठवतेय."

"माझंच चुकलं. चालू केलाच नसता तर नवा तरी आला असता."

"असं बोलू नका. तुमच्या पाण्यानं न्हायलेली बाळं मी या हातांनी धरलीत."

आणि मग उद्घाटन झाले. पंप नसताना! पाहुण्यांनी फीत कापली, चकचकीत नळ फिरवला आणि धो धो पाणी पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र बाहेर भंगारात टाकले असल्यामुळे भिंतीमागे उभा असलेला टँकर दिसत होता. त्याची नळी भिंतीच्या भोकातून आत गेली होती.

तो टेकडी उतरून येणाऱ्या भाचीलाही दिसला. ती गणवेशातच भिंतीमागे आली आणि तिने टँकरचा कॉक बंद केला. नळाची धार बारीक झाली, मग थेंब पडले, मग तेही थांबले. टाळ्या वाजवणारे हात जिथल्या तिथे राहिले.

नवा पंप अजून आलेला नाही. वॉर्डाचे कुलूप तसेच आहे. माझे कवच सांधता येते, मित्रांनो, आणि पंखा नवा बसवता येतो. आपत्तीतून जे वाचले आहे ते आधी जपा. आणि पुढच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवण्यापूर्वी, कृपा करून, एकदा भिंतीमागे जाऊन या.